चौगुले अक्का आणि गाडीवरची पाखरं

पद्मावती आण्णासो चौगुले. माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर या बाईंचे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण एकदा हे नाव शेवटच्या पानावर घालू म्हणून ठेवलं आणि ते राहून गेलं. एम.एस्सी.च्या प्रबंधात मी प्राचार्यांपासून झेरॉक्सवाल्यापर्यंत अकरा जणांचे आभार मानले आहेत. अक्कांचं नाव घालावं की नाही यावर दोन दिवस विचार केला, आणि प्रयोगशाळेतल्या शिपाईबाईंचं नाव प्रबंधात शोभेल का, असं वाटून घातलं नाही. झेरॉक्सवाला शोभला.

अक्का सांगलीच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात परिचर होत्या. शिक्षण दहावी. काम म्हणजे काचेची भांडी धुणं, बरण्यांतलं फॉर्मॅलिन बदलणं, कीटकांच्या पेट्यांत डांबरगोळ्या ठेवणं. उंची बेताची, साडी सुती, वर खाकी एप्रन. एप्रनच्या खिशात तीन वस्तू कायम: एक भिंग, जुन्या लग्नपत्रिकांचे कापून ठेवलेले चौकोनी तुकडे, आणि बोटभर उरलेली शिसपेन्सिल. पेन्सिल संपत आली की त्या नवी घेत, पण ती आधी अर्धी तोडून अर्धी दुसऱ्या कुणाला तरी देत. वाकलं की खिशातली मोठी पेन्सिल पोटाला टोचते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांचं सगळं आयुष्य वाकून बघण्यात जात होतं.

फुलपाखरू आणि पतंग यांतलं त्यांना जेवढं कळत होतं तेवढं आमच्या विभागात कुणालाच कळत नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलून दाखवत नव्हतं. सरांपैकी कुणाला एखादं पाखरू ओळखता आलं नाही, की ते ट्रे अक्कांपुढे सरकवून म्हणत, "अक्का, हे जरा तिकडं ठेवा." मग अक्का ट्रे उचलता उचलता विचारत, "हे छोट्या चांदव्याची मादीच नव्हं सर? ठेवते." सर म्हणत, "हां, तीच." अशा रीतीनं वर्षानुवर्षं विभागाचं ज्ञान तिकडून इकडं ठेवलं जात होतं. नाव सांगताना त्या नेहमी प्रश्न विचारत. सरांचा मान राहावा म्हणून. आम्हा पोरांना मात्र प्रश्नाच्या रूपात प्रश्नच मिळत.

हा नाद कसा लागला, ते त्यांनी मला एकदा बीकर पुसता पुसता सांगितलं होतं. त्यांचं घर जैन शेतकऱ्याचं, वारणेच्या काठी. घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत. दिवा लागला की त्यावर पाखरं येतात, ताटात पडतात, नकळत हिंसा होते, म्हणून. "आई मला रोज खेळातनं उठवून आणायची, जेव म्हणायची, पाखरं येतील. मी म्हटलं, हे कोण मोठं पावणं लागून गेल्यात, ज्यांच्यापायी माझा खेळ मोडतोय? एकदा बघू तरी. म्हणून जेवून घ्यायची आणि दिव्यापाशी जाऊन बसायची." बोलता बोलता त्यांनी बीकर उजेडात धरला. "आई म्हणायची, धर्मासाठी लवकर जेवतीस ते बरं हाय बाई. तिला काय ठाऊक."

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण अक्कांच्या गोष्टींत माझा मूर्खपणा लागतो. फोडणीला तेल लागतं तसा. मी माण तालुक्यातला. वडिलांची मेंढरं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पलीकडे गेलं नव्हतं. दहावीपर्यंत गेलेलाही एकच, आणि तो तिथून परत आला होता. मी सांगलीला शिकायला गेलो तेव्हा वडील म्हणाले होते, "कशाचं शास्त्र म्हणतूस? प्राण्याचं? आरं मग हितं काय हत्ती हाकत हुतास व्हय?" तरी त्यांनी जाऊ दिलं.

दुसऱ्या वर्षाला प्रत्येकानं कीटकपेटी करून द्यायची असते. मी आठवड्यातच तीन फुलपाखरं धरली, चिमटीत दाबून मारली, काड्यापेटीत घातली आणि वर्गात सर्वांत आधी अक्कांच्या टेबलावर नेऊन ठेवली. शाबासकी घ्यायला उभा राहिलो.

अक्कांनी काड्यापेटी उघडली, बघितली, बंद केली. चेहरा पडला त्यांचा, पण आवाज चढला नाही.

"नाव काय तुझं?"

"बिरुदेव मासाळ."

"कुठं घावली ही?"

"बागेत."

"बागेत कुठं? कशावर बसलं हुतं हे पिवळं?"

"फुलावर."

"कुठल्या?"

मी काड्यापेटीकडे बघितलं.

"बसल्यावर पंख मिटून उभं धरलं हुतं का आडवं पसरलं हुतं?"

मी पुन्हा काड्यापेटीकडेच बघितलं.

"म्हंजे तीन जीव घेतलास आणि बघितलं एकबी न्हाईस," त्या म्हणाल्या. "ही पेटी मी घेणार न्हाई. आणि हे बघ, ह्यातलं एक फुलपाखरू न्हवंच. ह्याच्या मिशा बघ. फुलपाखराच्या मिशीला टोकाला गोंडा असतो. ह्याची मिशी पिसासारखी हाय. हा पतंग हाय बाळा. दिवसा उडतो म्हणून तू फसलास. त्यो फसवत न्हवता, तूच फसलास."

मेंढरांच्या गळ्यातली घंटा ऐकून कुणाचं मेंढरू ते सांगणारा मी, मला मिशी बघायची असते हे माहीत नव्हतं. त्या दिवशी शास्त्र सोडून भरतीला जावं, असं मनात आलं होतं. पुढे भरतीलाही जाऊन आलो. धावण्यात मागून तिसरा आलो आणि निमूट अक्कांकडे परतलो.

अक्कांचा नियम होता, आणि तो त्यांनी विभागप्रमुखांकडून मान्य करून घेतला होता: पेटीत मेलेलंच पाखरू यायचं, मारलेलं नाही. मेलेलं कुठं मिळतं? कोळ्याच्या जाळ्यात, ट्यूबलाइटच्या खाली, आणि सगळ्यांत जास्त एसटी स्टँडवर. लांबून आलेल्या गाडीच्या तोंडाला जी जाळी असते, तिच्यात वाटेत धडकलेली पाखरं अडकून बसतात. अक्का सकाळी सहाला स्टँडवर असत. झाडूवालीच्या आधी. आम्ही दोघे-तिघे पोरं मागून. गाडी फलाटाला लागली की अक्का जाळीपाशी वाकत आणि चिमट्यानं एकेक पंख सोडवून घेत. चालक-वाहक त्यांना ओळखत.

"आली बघा पाखरंवाली मावशी," एक वाहक ओरडायचा. "मावशी, आज लय गिऱ्हाईक हाय जाळीत. तिकिट न्हाई काढलं कुणी."

"काढलं असतं तर बरं झालं असतं की," अक्का म्हणत. "तिकिटावर कुठनं बसलं ते तरी कळलं असतं. गाडी कुठली?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. गाडी कुठली, कुठल्या वाटेनं आली, मुक्कामाची का पहाटेची. वाहक सांगेल ते त्या लग्नपत्रिकेच्या तुकड्यावर लिहीत आणि तो तुकडा पाखराखाली टाचत. आम्हाला हा नसता खटाटोप वाटायचा. पाखरू बघावं, नाव लावावं, मोकळं व्हावं. मी एकदा म्हणालोही, "अक्का, नाव कळलं की झालं की. गाडी कशाला?"

"नाव पाखराचं असतं," त्या म्हणाल्या. "आणि जागा गाडीची. तुला दोन्ही एकाचंच वाटालंय."

वर्षाच्या शेवटी बाहेरून परीक्षक आले. पेट्या बघताना माझ्या पेटीपाशी थांबले. एका पंखाखाली लिहिलं होतं, 'रत्नागिरी गाडी', दुसऱ्याखाली 'विजापूर गाडी'. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं की या जातीचा अधिवास कोणता. मला प्रश्न कळला, इंग्रजी सुचेना, आणि मी म्हणालो, "साधी गाडी सर. निमआराम नाही."

परीक्षक इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पाणी आणलं अक्कांनी. ग्लास देताना त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, पोरगं खरं सांगतंय. पाखरू कुठनं आलं ते आमाला ठाऊक न्हाई. गाडी तेवढी ठाऊक हाय. जेवढं ठाऊक तेवढंच लिवलंय." परीक्षक हसायचे थांबले. मला पास केलं. पण 'निमआराम' हे नाव मला पुढची तीन वर्षं चिकटलं.

लॅटिन नावांची मला धडकी होती. अक्कांना इंग्रजी धड येत नव्हतं, पण त्यांच्याकडे दोनशे पानी वही होती, तिच्यात सगळी लॅटिन नावं देवनागरीत लिहिलेली. ती वही त्यांनी मला वर्षभर दिली. 'डॅनॉस क्रिसिपस' असं देवनागरीत लिहिलेलं दिसलं, की ते आमच्या गावचं कुणीतरी वाटायचं. मी ती नावं सुट्टीत गावी मेंढरांच्या मागं चालताना पाठ केली. माझं लॅटिन अजूनही माणदेशी आहे. परिषदेत वाचतो तेव्हा पुढच्या रांगेतले एकमेकांकडे बघतात.

तर हा डॅनॉस क्रिसिपस म्हणजे बिबळ्या कडवा. विटकरी पंख, काळी टोकं, टोकांवर पांढरे ठिपके. त्याची अळी रुईचा चीक खाते, म्हणून तो कडू, म्हणून पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. आमच्या माणात काही पिकत नाही, पण रुई पिकते. त्यामुळे हे पाखरू माझं घरचं, असा माझा समज होता. सहलीला विभागप्रमुखांनी लांबूनच एक विटकरी पाखरू दाखवून विचारलं, तेव्हा मी सर्वांच्या आधी ओरडलो, "बिबळ्या कडवा!" वर रुईवर पाच मिनिटं भाषण केलं. भाषण चांगलं झालं. सरांनी मान डोलावली.

सर पुढे गेल्यावर अक्का माझ्याजवळ आल्या. "भाषण संपलं असलं तर ते अजून बसलंय बघ. जवळ जा. सावली पाडू नगंस." मी गेलो. "मागच्या पंखाच्या मधोमध काळं ठिपकं हाईत का तीन-चार?" नव्हते. वरच्या कडेला एकच काळा डाग होता. "कशावर बसलंय?" घोळीवर. घोळीची भाजी आपण खातो ती. "मग ते तुझं रुईवालं कसं असंल? ही छोट्या चांदव्याची मादी. कडू न्हाई, पर कडव्याचा अंगरखा घालून फिरती. पक्षी फसतात." त्या जरा थांबल्या. "आणि माणदेशातलं लोक."

मी म्हणालो, "मग मघाशी सरांसमोर का नाही सांगितलं?"

"सरांनीबी मान हलवली हुती की," त्या म्हणाल्या. "तुझ्या एकट्यासाठी दोघांची चूक कशाला काढू?"

लोक शेतातून अळ्या घेऊन त्यांच्याकडे येत. एकदा मिरजेकडचे एक शेतकरी तंबाखूच्या डबीत मक्यावरची अळी घेऊन आले. सरांनी त्यांना बसवून अर्धा तास किडीचं कुळ सांगितलं. शेतकरी बाहेर आले ते घाम पुसतच. अक्कांनी डबी उघडली, भिंग लावलं. "काका, हिच्या कपाळावर बघा, उलटा वाय. शेपटाकडं चार ठिपकं, चौकोनात. दिसलं? ही लष्करी अळी."

"व्हय व्हय, दिसलं! मग आवं अक्का, मारायची कशानं?"

अक्कांनी डबी बंद करून त्यांच्या हातात दिली. "ते दुकानात इचारा. माझ्याकडं फकस्त नाव हाय."

ते गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, नाव सांगितलं म्हणजे मरणारच की ती." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच बरण्या पुसायला घेतल्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "माझा भाऊबी उसावर फवारतोय. मी त्याला भाकरी करून देते. खोटं नाव सांगू काय मग?" 

एम.एस्सी. झाल्यावर मला उंब्रजजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर काम मिळालं. तासिका तत्त्व म्हणजे शिकवाल तेवढेच तास तुम्ही शिक्षक. सुट्टीत तुम्ही कुणीच नसता. कायम जागा हवी तर छापील संशोधन हवं. मी ठरवलं, आपल्या माण तालुक्यातल्या फुलपाखरांची आणि पतंगांची यादी करायची. दोन वर्षं सुट्ट्यांत हिंडलो. यादी चांगली झाली, पण तिच्यात दचकावं असं काही नव्हतं. रुईवर असणारं होतं, बाभळीवर असणारं होतं. दुष्काळी यादी.

आणि मग एका सकाळी म्हसवडच्या स्टँडवर, चहाला जाता जाता, मला खाली एक पंख दिसला. तळहाताएवढा, फिकट पोपटी, मागे लांब शेपटी, मधे डोळ्यासारखी खूण. चांद पतंग! इंग्रजीत मून मॉथ म्हणतात तो. सह्याद्रीच्या दाट झाडीतला राजबिंडा जीव, आणि आमच्या कुसळांत? मी फोनवर फोटो काढला, ॲपला दाखवला. ॲपनंही तेच नाव सांगितलं. मला तिथेच नाचावंसं वाटलं. चहावाल्याला दोन चहा सांगितले आणि दोन्ही मीच प्यायलो.

लेख छापून आला. त्यात हा पंख पहिल्या पानावर. शेवटच्या परिच्छेदात मी असाही निष्कर्ष काढला होता, की माणगंगेच्या काठी एकेकाळी अरण्य असावं आणि त्याचे अवशेष कुठेतरी टिकून असावेत. एका पंखावर मी अख्खं अरण्य उभं केलं. स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली. गावात सरपंचांनी फ्लेक्स लावला. त्यावर माझा कोट घातलेला फोटो आणि शेजारी एक भलतंच, अमेरिकेतलं फुलपाखरू. ते फ्लेक्सवाल्यानं आवडलं म्हणून घातलं होतं. मला शाल आणि नारळ मिळाला. वडील मंडपाच्या कडेला उभे होते. त्या दिवसासाठी त्यांनी नवा फेटा बांधला होता. कऱ्हाडच्या बाजूला एका कॉलेजात कायम जागा निघाली, माझा अर्ज पुढे सरकला. मुलाखतीला तीन आठवडे होते. ही जागा गेली तर पुढची कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं.

लेखाची प्रत घेऊन मी अक्कांकडे गेलो. निवृत्त होऊन त्या वारणाकाठी भावाच्या घरी राहत होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. वाचायला मनाई. मला म्हणाल्या, "वाच. सगळं वाच. गाळू नगंस." मी पडवीत बसून अकरा पानं वाचून दाखवली. अरण्याचा परिच्छेद जरा मोठ्यानं वाचला.

अक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पंख कुठं घावला म्हणालास?"

"म्हसवडच्या बसस्थानक परिसरात."

"परिसरात म्हंजे कुठं?"

"फलाटापाशी."

"फलाटाला गाडी लागली हुती का?"

मी लेखाची पानं सारखी करायला लागलो.

"कुठली हुती रं?"

गाडी कुठली होती ते मला ठाऊक होतं. चिपळूणची होती. कोयनानगर, पाटण, उंब्रज करत रात्रभर घाटातनं दिवे लावून आलेली. पाटी मी वाचली होती. पंख गाडीच्या तोंडाखालीच पडलेला होता. लेख लिहिताना 'गाडीखाली' हा शब्द मी पहिल्यांदा लिहिला होता, आणि मग तो 'बसस्थानक परिसरात' असा शुद्ध केला होता. मला तो जास्त शास्त्रीय वाटला, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

"चिपळूण," मी म्हणालो.

घरात कुणीतरी जात्यावर नाही, मिक्सरवर काहीतरी फिरवत होतं. तो बंद झाल्यावर मी लेखाची घडी घातली.

"पण अक्का," मी म्हणालो, "मोईची झाडं आमच्याकडंबी हाईत. त्या पतंगाची अळी मोईवर राहते. माणात चांद पतंग नसेलच असं कुठं आहे?"

"असंल की. मी न्हाई म्हणते का? असंल." त्यांनी चष्मा सारखा केला. "पर तू बघितलास का?"

"पंधरा-वीस दिवसांनी मुलाखत आहे अक्का. ते सगळे या पंखावरच बोलवतायत मला. कुणाला कळणार पण नाही. त्या गाडीचा वाहक येणार आहे का सांगायला?"

"न्हाई यायचा."

"मग मी काय करू?"

"नोकरीतलं मला कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "पाखरातलं इचार." मग आत बघून हाक मारली, "ताट वाढ गं, दिवस मावळायला आला. हा जेवून जाईल." जेवताना त्यांनी भाकरी, आमटी, पावसाचा अंदाज, भावाचा ऊस, सगळं काढलं, पंख काढला नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "काय करशील ते फोनवर सांगू नगंस. मला फोनवर ऐकू येत न्हाई. लिहून धाड."

गाडीच्या खिडकीतून मी वळून बघितलं. अक्का अंगणातल्या कण्हेरीपाशी होत्या. काळा चष्मा कपाळावर चढवला होता, डॉक्टरांनी सक्त मनाई केली असताना, आणि नाक पानाला लागेल इतक्या वाकून पानाच्या मागची बाजू बघत होत्या. दोन्ही हात मात्र पाठीमागे घट्ट धरलेले. पानाला चुकून धक्का लागू नये म्हणून. त्यांना मी बघितलं ते तेवढंच, शेवटचं. पुढचं पत्रात आहे. पत्राची नक्कल माझ्याकडे होती ती देतो.

माण
जूनचा पहिला रविवार

ती. अक्कांना,

बिरुदेवचा साष्टांग नमस्कार.

उशीर झाला. आधी काही करून मग लिहावं, असं ठरवलं होतं, आणि करायलाच वेळ लागला.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात मी संपादकांना दुरुस्ती पाठवली. लेख अकरा पानांचा होता, दुरुस्ती तीन ओळींची. लेखाला दोन वर्षं लागली होती, पण या तीन ओळी जास्त जड गेल्या. अरण्यही मागे घेतलं. पुढच्या अंकात छापतो म्हणाले.

मुलाखतीत अध्यक्षांनी कात्रण पुढे धरून विचारलं, "माणमधला मून मॉथ तुम्हीच शोधलात?" मी म्हणालो, "पंख मी शोधला सर, पण तो माणमधला नव्हता. चिपळूण गाडीचा होता." त्यांना विनोद वाटला. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी चहा मागवला, आणि चहा आल्यावर मुलाखत संपली.

निवड झाली नाही. ज्या बाईंची झाली, त्यांचं काम गांडुळांवर आहे. गांडूळ गाडीला लटकून येत नाही. मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं, तर तेही शुद्ध केल्यासारखं होईल. लय वाईट वाटलं अक्का. दोन दिवस खोलीतनं बाहेर पडलो नाही. तुमचाही राग आला होता, तेही लिहितो.

मेपासून तास बंद आहेत, म्हणून गावी आलो. सरपंचांना म्हटलं, फ्लेक्स काढा. ते म्हणाले, पाखरू दिसायला चांगलं हाय, असू दे. शेवटी मीच काढला. आता तो कडब्याच्या गंजीवर टाकलाय.

वडिलांना सांगायचं राहिलं होतं. ते मेंढरं घेऊन कोकणातनं परतले तेव्हा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी त्ये पाखरू आपलं न्हवतंच?"

"नव्हतं."

"मग आपलं कंचं हाय?"

मी यादीतली नावं सांगायला लागलो. चार नावांनंतर त्यांनी हात केला आणि मला माळावर एका बोरीपाशी घेऊन गेले. फांदीला एक कोष लोंबत होता. कोंबडीच्या अंड्याएवढा, राखाडी, लाकडासारखा टणक. म्हणाले, असले कोष ते लहानपणापासून बघतायत, मोकळे झाले की त्यात खडे घालून पोरांना खुळखुळा करून देतात. हा मात्र भरलेला आहे, हातात घेतला की जड लागतो. मी म्हटलं, "आबा, यातनं काय बाहेर येतं ते बघितलंय का कधी?" ते म्हणाले, "न्हाई रं. मेंढरं कुठं थांबत्यात तवर?"

माझ्या तोंडाशी नाव आलं होतं. तुम्हालाही हे वाचताना आलं असेल. पण बघायच्या आधी मी ते सांगितलं नाही.

मला आता सकाळी काही काम नसतं. मी बोरीखाली जाऊन बसतो. परवा आबाही येऊन बसले, मेंढरं चुलत्याकडे सोपवून. चौथा दिवस आहे. अजून काही बाहेर आलेलं नाही.

तुमचा,
बिरुदेव